सपाट अंगणातली गाडी

दादाभाऊची मोटारसायकल किकनं चालू होत नाही, हे आहुप्यात कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. कारण आहुप्यात किक मारतो कोण? डोंगरातलं गाव. ज्यानं त्यानं संध्याकाळी आपली गाडी उताराला तोंड करून लावायची, सकाळी वर बसून सोडून द्यायची, गाडीनं वेग धरला की दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा. भक्‌ करून इंजिन पेटतं. प्लग काळा असो, पेट्रोल सोडणारा जेट बुजलेला असो, त्या उतारावर सगळं खपून जातं.

दादाभाऊचंही वर्षानुवर्षं खपत आलं होतं. रेस सोडली की त्याची गाडी बंद पडायची, तर हा गडी रेस सोडतच नसे. चौकात उभा राहिला तरी मूठ पिळून, गुर्र गुर्र करत. घोडेगावच्या मेकॅनिकनं त्याला बजावलं होतं, "भाऊ, कार्बोरेटरचा बारका जेट पार बुजलाय. एक दिवस गाडी ठिवून जावा, साफ करून देतो." दादाभाऊ त्याला हसला होता. चालती गाडी खोलायची म्हणजे येडेपणाच की!

तीच गाडी घेऊन तो राजुरीला लेकीला आणायला गेला.

आरतीचा शेजारणीच्या फोनवरून फोन आला होता. नवरा, सोपान, हात उचलतो, हे तिनं मागंही रडून सांगितलं होतं. तेव्हा दादाभाऊनंच समजूत घालून तिला परत पाठवलं होतं. या खेपेला ती रडली नाही. "आबा, त्यो टोमॅटो घिऊन नारायणगावला गेलाय. त्यो यायच्या आत मला न्या," एवढंच म्हणाली. हा पोचला तेव्हा ती बॅग खांद्याला लावून ओट्यावर उभी होती. सासूला तोंडावर सांगून मोकळी झाली होती, मी जाते म्हणून. सासू साळुबाई दारात फुगून बसलेली, सासरा गेणभाऊ तंबाखू मळत होता. सोपान घरात नसताना सुनेला आडवं यायची दोघांची छाती नव्हती. आता फक्त गाडीवर बसायचं आणि निघायचं होतं.

पण व्याह्याच्या दारात मूठ पिळत गुर्रगुर्र करणं बरं दिसेना, म्हणून दादाभाऊनं रेस सोडली होती. गाडी गपकन बंद पडली होती. आणि अंगण होतं परातीसारखं सपाट.

त्यानं किक मारली. पुन्हा मारली. चोक ओढून मारली, चोक दाबून मारली. पेट्रोलचा कॉक रिझर्व्हला केला, गाडी आडवी करून हलवली. इंजिन नुसतं खोकायचं. गेणभाऊ डोंगरातलाच, पण त्याचा आजा खाली उतरून राजुरीत राहिला, म्हणून हे स्वतःला सपाटीवरचे समजायचे. तो मळलेली तंबाखू ओठात धरून बघत राहिला. "काय पावणं, डोंगरातली गाडी सपाटीला लाजती काय?"

आरती जवळ आली. हळूच म्हणाली, "आबा, ऱ्हाऊ द्या गाडी. आपण फाट्यावर जाऊन यष्टी धरू."

"गाडी हितं टाकून? आन् ह्यांनी गावभर सांगावं? थांब जरा, व्हती चालू."

"मंग मी ढकलते. तुमी वर बसा."

"सासरच्या दारात लेकीनं बापाची गाडी ढकलायची? खाली बस गुमान!"

पोरगी शहाणी होती, दोन्ही वाटा तिनं दाखवल्या. पण याचं नाक मोठं. त्यानं एकट्यानंच गाडी ढकलत पळून पाहिलं. अंगणात बारीक खडी टाकलेली. क्लच सोडला की मागचं चाक नुसतं फरफटायचं. धापा टाकत तो खाली बसला आणि त्यानं प्लग खोलला. पॉलिश पेपरनं घासला, इंजिनाला टेकवून किक मारली. ठिणगी येत होती. म्हणजे दोष प्लगचा नव्हता, त्या बारक्या जेटचाच होता, आणि तो काढायचा तर सगळा कार्बोरेटर खोलायला हवा. व्याह्याच्या अंगणात कार्बोरेटर पसरून बसायची त्याला लाज वाटली. मग तो तोच प्लग पुन्हा घासत बसला.

इकडं साळुबाईला युक्ती सुचली. आवाजात मध घालून ती म्हणाली, "अगं आरती, बाप उन्हाचा घाम गाळतोय. च्या तरी टाक त्याला."

आता बापाला चहा कर म्हटल्यावर कुठली लेक नाही म्हणेल? आरती आत गेली. चहा घेऊन बाहेर आली तेव्हा तिच्या खांद्याला बॅग नव्हती. दादाभाऊला ते दिसलं, नाही असं नाही. पण तो म्हणाला काय, तर, "साखर लई झाली."

मग साळुबाईनं आतून हाक मारली, पावण्यांना जेवूनच जाऊ दे, पीठ मळ. आरतीनं बापाकडं बघितलं. बाप प्लग फुंकत होता. ती पुन्हा आत गेली.

आणि सोपानचा टेम्पो दारात आला.

त्यानं एका नजरेत सगळं ताडलं. तमाशा केला नाही, हात धुतले आणि हसत दादाभाऊजवळ आला. "मामा, सांगायचं न्हाई व्हय? बसा वर, धक्का देतो."

"आरतीला न्यायला आलोय मी," दादाभाऊ म्हणाला. आवाज निघाला, पण त्यात दम नव्हता.

"तिला काय झालंय? ती भाकरी करतीया. इचारा की."

आरती दारात आली. हात पिठानं भरलेले. नवऱ्याकडं न बघता ती बापाला म्हणाली, "तुमी जावा आबा."

"आगं पर, यष्टीनं जाऊ की आपण. तूच म्हणली व्हतीस."

"तवा म्हणले व्हते."

सोपान आणि गेणभाऊनं गाडी रस्त्यावर काढली, दादाभाऊला वर बसवलं आणि दणकून धक्का दिला. किती आनंदानं ढकलत होते ते! इंजिन पेटलं. दादाभाऊनं मूठ पिळली, आणि तेवढ्यात मागून किंकाळी आली, "आबा, थांबा! आबा, मी येते!"

त्यानं मान वळवली. आरती फाटकापर्यंत धावत आली होती, पिठाच्या हातांनी, बॅगेविना. सोपाननं तिचं मनगट धरलं होतं.

रेस सोडली तर गाडी बंद पडणार होती. इतक्या मिनतवारीनं चालू झालेली गाडी! पुढनं वळून येतो, चालू गाडीवरच तिला बसवतो, असं त्यानं मनाशी ठरवलं आणि तो कोपऱ्यापर्यंत गेला. वळून आला तेव्हा फाटक लागलं होतं, घराचं दारही लागलं होतं. तो गाडीवरच बसून राहिला, मूठ पिळून हाका मारत. "आरते! ए आरते!" इंजिन असं ठणाणत होतं की त्याची हाक त्यालाच ऐकू येईना, आतून कुणी ओरडलं असतं तर ते तरी कुठून ऐकू येणार? उतरून दार ठोठावायचं तर मूठ सोडावी लागली असती.

शेजारची माणसं बाहेर येऊन बघायला लागली. दादाभाऊनं गिअर टाकला आणि तो आहुप्याच्या वाटेला लागला.