राणीच्या बहिणीचा सत्कार

घाटकोपरच्या त्या मैदानात महोत्सवाची वेळ सहाची छापली होती, आणि रत्नप्रभाबाई पाचलाच पहिल्या रांगेत खुर्ची धरून बसल्या. कारणही तसंच. त्यांचा धाकटा भाऊ धोंडू कोकणात दशावतारी नाटकात राणी व्हायचा. उभी हयात त्याने लुगडं नेसून गावोगाव राज्य केलं आणि सख्ख्या बहिणीने ते कधी पाहिलं नाही. गावात नाटक रात्रभर चाले, म्हणून वडील तिला सोडत नसत. पुढे लग्न होऊन ती इथे आली, ती आलीच. आता धोंडूचे गुडघे गेले होते. आज त्याची शेवटची राणी, तीही बहिणीच्या बिल्डिंगमागे.

प्रमुख पाहुणे अंधार पडल्यावर उगवले. मग समई. ती पेटली तर फोटोवाल्याला वाटलं, पुन्हा पेटवावी. मग सत्कार: देणगीदारांचे, देणगीदारांच्या व्याह्यांचे, मंडपवाल्याचा, गेल्या वर्षीच्या मंडपवाल्याचा. पाहुण्यांनी ‘दोनच शब्द’ म्हणून माईक धरला तेव्हा पुढच्या रांगेतलं बाळ रांगत होतं. भाषण संपत आलं तेव्हा ते पाय आपटून आईला घरी चल म्हणत होतं. लोकांनी वैतागून टाळ्या पिटल्या. पाहुण्यांना वाटलं, दाद मिळाली. त्यांनी आपलं बालपण पुन्हा पहिल्यापासून घेतलं.

“रत्ना, चल गं,” शेजारची विमला म्हणाली, “भात टाकून येऊ. तोवर हे बालवाडीत पोचतील.”

“तू जा. मी उठले की नेमका पडदा उघडेल.”

विमला गेली. तिच्यामागे अर्धं मैदान गेलं. शेवटी रत्नप्रभाबाई उठून मंडळाच्या सेक्रेटरीकडे, निलेशकडे गेल्या.

“निलेश, दहाला माईक बंद होतो ना रे? माझा भाऊ आज शेवटचा उभा राहतोय. आवर ना यांचं.”

निलेश उजळला. “काय सांगता मावशी! राणीची बहीण, आपल्याच एरियातली? आधी नाही का बोलायचं!”

काम झालं, असं वाटून त्या खुर्चीत टेकतायत तोच माईकवर त्यांचं नाव पुकारलं गेलं.

खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. मग भावाबहिणीच्या नात्यावर पाहुणे बोलले, उपाध्यक्ष बोलले, माजी उपाध्यक्ष तर रडले. “पुरे हो, पुरे,” बाई म्हणत राहिल्या. सगळ्यांना त्यांच्या विनयाचं कौतुक वाटलं.

हवालदार आला. त्याने घड्याळ दाखवलं आणि माईक मेला.

धोंडू आतून मुकुटासकट बाहेर आला. “आमका माईक कित्याक होयो? गावात होतो काय?” माईकशिवायच उभं राहायला तो तयार होता.

“परवानगीच दहापर्यंत आहे, काका,” निलेश म्हणाला. “उद्याचा दिवस भरलाय. पुढच्या वर्षी तुम्हाला पहिलं ठेवतो.”

लोक खुर्च्या एकात एक घालू लागले. त्या खडखडाटात राणी बहिणीसमोर येऊन उभी राहिली.

“कशी दिसतंय गो?”

रत्नप्रभाबाईंनी त्याला मुकुटापासून पायापर्यंत पाहिलं. “निऱ्या वाकड्या आल्यायत,” त्या म्हणाल्या, आणि नारळ खाली ठेवून त्या सरळ करायला बसल्या.

एकेक निरी सरळ होत होती तोवर मंडपातले दिवे गेले. अंधारात निलेश चाचपडत आला.

“मावशी, तेवढी शाल द्या ना. उद्याच्या सत्कारांना तीच आहे.”