ब्रेक लागले नाहीत म्हणे

मी एक जुनी लाकडी बस आहे. सामोआच्या उपोलू बेटावर, फालेवाई गावात, तानिएलुच्या अंगणातल्या नीरफणसाखाली उभी असते. माझी चाकं कुणीतरी काढून नेली, मागच्या बाकांवर कोंबड्या अंडी घालतात आणि छत गळतं. पण मित्रांनो, रडगाणं गायला मी तोंड उघडलेलं नाही. माझ्या नावाला एक खोटं चिकटलं आहे, तेवढं तुम्हाला सांगायचं आहे.

तानिएलु तेव्हा बंदरावर हमाली करायचा. त्याने एक मोडका ट्रक घेतला, गावच्या सुतारांकडून त्यावर लाकडी सांगाडा बांधून घेतला आणि माझा जन्म झाला. त्याची बायको फेतुआओ हिने माझ्या अंगावर जास्वंदी रंगवल्या. त्या जास्वंदी कमी आणि कोबी जास्त दिसत, पण मला त्या फार आवडत. रोज सकाळी अळकुड्यांची पोती, डुकराची पिल्लं आणि निम्मं गाव घेऊन मी आपियाच्या बाजारात जायची.

आमच्याकडे बसमध्ये कुणी उभं राहत नाही. बाक भरले की नंतर चढणारा बसलेल्याच्या मांडीवर बसतो, मग ओळख असो वा नसो. कुणी नवखा अवघडून दाराशी घुटमळला की बाजारवाल्या बायका त्याला सोडत नसत.

"बस की रे. तुझ्यापेक्षा जड पोती उचलते मी रोज."

"मावशी, तुमचे पाय दुखतील."

"माझे पाय राहू देत. तू पडलास तर तुझ्या आईला तोंड कोण दाखवेल?"

हे ऐकून तानिएलु खूश व्हायचा. गाडी चालवता चालवता तो पुढच्या बाकावरच्या फेतुआओला आपलं तत्त्वज्ञान सांगायचा. "धंदा म्हणजे काय गं? लोकांचं ओझं आपण वाहायचं आणि ते त्यांना जाणवू द्यायचं नाही." मला वाटे, किती शहाणा मालक मिळाला मला. आता वाटतं, लोकांनी नुसती मान डोलावली तरी माणसाला आपण शहाणे झालो असं वाटू लागतं.

गावाने त्याचं चीज केलं. त्याच्या कुळाने त्याला सरदारकीची पदवी दिली. आमच्याकडे पदवीशिवाय निवडणुकीला उभं राहता येत नाही आणि ती पदवी गावच्या सभेला काढूनही घेता येते. प्रचाराला मीच फिरले. माझ्या जास्वंदींवर त्याचे फोटो चिकटवले गेले. फेतुआओला ते रुचलं नव्हतं. तानिएलु निवडून आला आणि त्याचं तत्त्वज्ञानही बदललं. "राजकारण म्हणजे मोठी बस," तो म्हणू लागला. "सुकाणू हातात पाहिजे, मागे कोण बसलंय ते बघत बसलं तर अपघात होतो."

आणि मग ती संध्याकाळ आली. आपियाला मंत्रिपदांची वाटणी चालू होती आणि गावातले सत्काराचे हार संपत नव्हते. निघायला उशीर झाला. सूर्य कलताना आमच्या गावात शंख वाजतो. शंख वाजला की घराघरांत प्रार्थना होते आणि ती संपेपर्यंत रस्त्यावरचं सगळं जागच्या जागी थांबतं. लग्नाची वरात थांबते, आजाऱ्याची गाडीसुद्धा विचारून पुढे जाते. गावच्या वेशीवर म्हातारा मोसे शंख घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा होता.

"अहो, शंख झाला. थांबा," फेतुआओ म्हणाली.

"आज थांबलो तर खातं दुसऱ्याच्या घशात जाईल."

"मोसेकाका उभे आहेत समोर."

"होतील बाजूला. माझीच माणसं आहेत ती."

माझे ब्रेक, मित्रांनो, शाबूत होते. त्याच सकाळी उतारावर त्यांनी मला बाजारवाल्यांसकट अलगद थांबवलं होतं. ते त्याच्या पायाची वाट पाहत राहिले. पाय दुसरीकडेच दाबत होता. मोसेने रस्त्याकडेच्या खड्ड्यात उडी मारली. शंख फुटला आणि त्याचा पाय जो अधू झाला तो झालाच.

मंत्रिपद मिळालं. पण गावाने सभा बोलावली. आमच्या सभाघराला भिंती नसतात, त्यामुळे बाहेर उभ्या असलेल्या मला प्रत्येक शब्द ऐकू आला. अशा वेळी चुकलेल्या माणसाने अंगावर भारी चटई पांघरून उन्हात बसायचं असतं. ज्याचा अपराध केला तो येऊन चटई उचलतो आणि तिथे सगळं संपतं. मोसे काठी टेकत आला होता, मला वाटतं चटई उचलायलाच आला होता. पण तानिएलुला पदवीची धास्ती होती. तो छाती पुढे काढून सभेत बसला.

"गाडी जुनी झालीय. मी दाबत होतो, पण ब्रेक लागले नाहीत," तो म्हणाला.

यंत्राच्या दोषाला अपमान कसं म्हणणार? सभेने एक डुक्कर आणि डबाबंद मासळीची खोकी एवढ्या दंडावर त्याला सोडलं. मोसे आला तसा काठी टेकत घरी गेला. त्या दिवशी मला पहिल्यांदा लाकूड असल्याचा राग आला.

परत जाताना फेतुआओ पुढच्या बाकावर बसली नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "ब्रेकला नाव ठेवू नका. तुमचा पाय कुठे होता ते मी पाहिलंय."

"गप्प बस. पदवी गेली तर तू काय खाणार आहेस?"

"तुम्ही हमाल होतात तेव्हा खात होते तेच." आणि ती चालत घरी गेली.

पुढे तर त्या खोट्याला पाय फुटले. मंत्रिमहोदयांनी संसदेत माझं उदाहरण दिलं. लाकडी बस कशा जीवघेण्या, ते स्वतःच्या अनुभवावरून सांगितलं आणि नियम करून आम्हा सगळ्यांना रस्त्यावरून हटवलं. मग त्यांच्याच कंपनीच्या परदेशी बस आल्या. काचा बंद, गार हवा, मांडीवर बसायला बंदी. ज्यांनी मला 'आमची बस' म्हटलं तेच लोक पोरांना माझ्यापासून लांब ओढू लागले. "हिनेच मोसेचा पाय मोडला," म्हणत.

समुद्राच्या खाऱ्या हवेत त्या परदेशी बस गंजल्या, पुढच्या निवडणुकीत बाजारवाल्या बायका तानिएलुला विसरल्या, आणि तो परत घरी आला. तुम्ही म्हणाल, झाली फेड. कसली फेड? माझं नाव कुणी धुऊन दिलं नाही. मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेलपाणी करा, हे तर करालच. पण आपली चूक मुक्या वस्तूच्या माथी मारू नका. तिला चटई पांघरून बसता येत नाही, आणि बसली तरी ती उचलायला कोणी येत नाही.

काल संध्याकाळी तानिएलु येऊन माझ्या सुकाणूमागे बसला. हल्ली तो अधूनमधून येतो आणि समोरच्या झाडाकडे बघत राहतो. सूर्य कलला आणि वेशीवरून शंख वाजला, लंगड्या मोसेचा नवा शंख. तानिएलु दचकला आणि त्याचा पाय आपसूक ब्रेकवर गेला. त्याने दाबला. पेडल तळाला टेकलं, परत वर आलंच नाही. त्याने पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं.

"काय झालं?" फेतुआओने समोरच्या उघड्या घरातून विचारलं.

"ब्रेक लागत नाहीत," तो म्हणाला.

"आता नाहीत लागत," ती म्हणाली आणि प्रार्थनेला बसली.