जुळवणी काढताना

"हो म्हणू का नाही म्हणू?" लॅबताईने विचारलं. माउस तिच्या हातात होता आणि हात हवेत.

पडद्यावर छोटी चौकट आली होती. हे सॉफ्टवेअर आणि त्याचे सगळे भाग काढून टाकायचे आहेत का, असं ती विचारत होती.

"थांब, इतक्यात नको," वायरवाल्या बाई म्हणाल्या. "आधी तिकडे, मुख्य कॉम्प्युटरला कळवायचं, की हे सेंटर आता आपल्यात नाही. मग इथलं काढायचं. नाहीतर तिकडचा कॉम्प्युटर याच्यासाठी निरोप साठवत बसेल. साठवून साठवून त्याचंच पोट फुटेल."

"माणसांसारखंच आहे की."

"माणसं इतकी वाट बघत नाहीत," बाई म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. पहाटेच्या गाडीने निघाल्यामुळे डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. गुडघा तर घाट सुरू झाल्यापासूनच कुरकुरत होता.

घाटमाथ्यावरच्या रुग्णालयाच्या मागच्या बाजूला ही खोली होती. एक शीतकपाट, एक टेबल, टेबलावर कॉम्प्युटर आणि खिडकीत कायम खडखडणारं तावदान. शहरातल्या मोठ्या रक्तपेढीतून रक्ताच्या पिशव्या इथे यायच्या, थोड्याच, आणि लागेल तेव्हा वॉर्डात जायच्या. अशी आणखीही सेंटरं होती, कुठे धरणापाशी, कुठे खाणीपाशी. कुठे कोणत्या गटाच्या किती पिशव्या आहेत, हे सगळ्यांना सगळीकडे दिसावं म्हणून बाईंनी प्रत्येक ठिकाणी ते सॉफ्टवेअर बसवलं होतं. कंपनीने त्याला रेप्लिकेशन असं भारदस्त नाव दिलं होतं. सेंटरांवर सगळे त्याला जुळवणी म्हणायचे. इंटरनेटची लाइन असो वा नसो, प्रत्येक कॉम्प्युटर आपली नोंद आपल्यापाशी ठेवायचा. लाइन आली की सगळे एकमेकांना आपापलं सांगायचे आणि जुळवून घ्यायचे. "आज जुळवणी झाली का?" हा रोज सकाळचा प्रश्न होता, आणि झाली नसेल तर बाईंचा फोन वाजायचा.

बसवायला त्या आल्या तेव्हा लॅबताई नोकरीला नुकतीच लागलेली होती. माउसला हात लावायला घाबरायची. जणू तो चावेल. त्या दिवशी वायर ओढायला येणारा माणूस आलाच नव्हता. मग बाईंनीच पदर खोचला, शिडीवर चढून झरोक्यातून वायर आत घेतली आणि खाली उतरल्या त्या जाळ्याजळमटांनी पांढऱ्या होऊन. वॉर्डातल्या मदतनीस बायकांनी तेव्हा ठेवलेलं 'वायरवाल्या बाई' हे नाव पुढे साऱ्या सेंटरांवर पसरलं. मुख्य कार्यालयातल्या पत्रांवरचं त्यांचं नाव इथे कुणाला ठाऊकही नव्हतं.

"तुम्हीच बसवलंत आणि तुम्हीच काढताय," लॅबताई म्हणाली. सकाळपासून तिसऱ्यांदा तरी म्हणाली असेल.

"दुसऱ्याने काढलं असतं तर अर्धवट काढलं असतं."

"पण का काढायचं? चांगलं चाललंय ना?"

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. उत्तर त्यांना माहीत होतं. नव्या व्यवस्थेत सगळी माहिती एकाच जागी राहणार होती आणि प्रत्येक सेंटर इंटरनेटवरून तिथेच बघणार होतं. मुख्य कार्यालयातला साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्याने बाईंना बोलावून, खुर्ची पुढे करून समजावून सांगितलं होतं. मागे एकदा लाइन बंद असताना एकच पिशवी दोन सेंटरांच्या पडद्यावर शिल्लक दिसत राहिली होती. तिच्या भरवशावर एका पेशंटला टेबलावर घेतलं आणि ऑपरेशन अर्ध्यावर थांबवून पोट शिवावं लागलं. चूक कुणाचीच नव्हती. निरोप पोचला नव्हता, एवढंच. "प्रती आल्या की तफावत आली, बाई," साहेब म्हणाला होता.

पण डोंगरावर वारा सुटला की इंटरनेट जातं, हे लॅबताईचं म्हणणंही खोटं नव्हतं. दोघांचंही खरं होतं, आणि माणूस दमतो तो अशाच ठिकाणी.

साहेबाने शेवटी आणखी एक सांगितलं होतं. जुळवणी निघाली, की बाईंचा करारही संपणार होता. हे सेंटर शेवटचं. बाईंनी ते अजून घरी सांगितलं नव्हतं.

तिकडचं काम आटोपलं. सेंटरचं नाव मुख्य कॉम्प्युटरच्या यादीतून गेलं.

"आता म्हण हो."

लॅबताईने डोळे मिटून बटण दाबलं. हिरवी पट्टी सरकू लागली आणि अर्ध्यावर येऊन अडून बसली. एक फाइल वापरात आहे, असं कॉम्प्युटरचं म्हणणं पडलं.

"कोण वापरतंय? मी तर हातसुद्धा लावला नाही."

"तेच वापरतंय स्वतःला. थांबवलं तरी मागच्या मागे चालू होतं. सवय आहे त्याला." बाईंनी चालू असलेल्या कामांची यादी उघडली, त्यातून ते शोधलं, बंद केलं, पुन्हा उठणार नाही अशी तजवीज केली. पट्टी पुढे सरकली.

इतक्यात त्यांचा मोबाइल वाजला. घरून होता.

"अगं, आईची ती पिवळी गोळी जेवणाआधी की नंतर?" नवऱ्याने विचारलं.

"नंतर. आणि पिवळी नाही, पांढरी. पिवळी रात्रीची."

"पांढऱ्या दोन आहेत."

"रेघ असलेली."

"दोन्हींना रेघ आहे."

"मग चष्मा लावून बघा. एकीला दोन रेघा दिसतील."

पलीकडे गोळ्यांची डबी खडखडली. मग सासूबाईंचा खणखणीत आवाज आला, "तिला कशाला विचारतोस? मला विचार की! गोळी मला घ्यायचीय!"

लॅबताई तोंडावर हात ठेवून हसली. बाईही हसल्या, पण हसताना त्यांना खांद्यांत जडपणा जाणवला. फोन ठेवून त्यांनी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. मागे राहिलेले दोन-तीन फोल्डर हाताने पुसले. जुळवणीसाठी नेटवर्कवर उघडं ठेवलेलं दार बंद केलं. पडद्याच्या कोपऱ्यात इतकी वर्षं दिसणारं छोटं निळं चिन्ह तिथे नव्हतं. लॅबताईने दोनदा तिकडे पाहिलं.

"आता नवीन. त्याला बसवायचं असं काही नाही, नुसतं उघडायचं."

उघडलं. पांढरा पडदा आला आणि मधोमध एक गोल फिरत राहिला. बाहेर वारा सुटला होता. तावदान खडखडायला लागलं होतं.

"बघा," लॅबताई म्हणाली. त्यात जिंकल्याचा आनंद नव्हता.

तेवढ्यात दारात नर्स आली. धावत आल्यामुळे तिला सलग बोलता येत नव्हतं. "ओ निगेटिव्ह. बाळंतीण आहे. रक्त थांबत नाही. डॉक्टर म्हणाले, असतील तेवढ्या द्या आणि आणखी मागवा."

लॅबताई उठली, शीतकपाट उघडून आत वाकली. पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या तिने मोठ्याने वाचत काढल्या. ओ निगेटिव्हची एकच होती. तिने तारीख बघितली, गट पुन्हा तपासला. बाळंतिणीच्या रक्ताचा नमुना नर्सने आणला होता, तो पिशवीतल्या रक्ताशी जुळवून बघायला घेतला.

"दुसरी कुठेय?" ती मान वर न करता म्हणाली. "बाई, दुसरी कुठेय बघा ना!"

एरवी अशा वेळी नजर पडद्यावर जायची आणि सगळ्या सेंटरांचा साठा समोर असायचा. आता गोल फिरत होता. बाईंनी मुख्य रक्तपेढीला फोन लावला. तिकडच्या मुलीने सांगितलं, "मॅडम, नव्या सिस्टिममध्ये बाहेरच्या सेंटरांची माहिती अजून चढतेय. इथे पिशवी आहे, पण गाडी तुमच्यापर्यंत यायला दुपार होईल. पाठवू?"

"पाठव. आत्ता पाठव."

खाणीपाशीच्या सेंटरवर कुणी फोन उचलेना. दुसऱ्या एका ठिकाणचा लागेना.

बाईंनी आपल्या बॅगेतून लॅपटॉप काढला. काहीही काढून टाकण्याआधी त्याची प्रत घ्यायची, ही त्यांची जुनी शिस्त. नवं नीट चालू लागलं की ती प्रत पुसायची, हा नियमही त्यांनीच केलेला. सकाळी इथे आल्या आल्या त्यांनी सगळ्या साठ्याची प्रत घेतली होती. लॅपटॉप सुरू व्हायला वेळ लागला. सेंटरांची नावं, तारखा, गट यांच्या रांगा पडद्यावर आल्या. त्यांनी गटावर बोट ठेवून खाली खाली नेलं.

"धरणाच्या सेंटरवर. एक आहे."

"आहे?"

"परवा होती. तिथली जुळवणी मी परवाच काढली."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. परवापासून तिथे कुणाला लागली असेल तर? टेबलावर अर्धवट राहिलेलं ते ऑपरेशन बाईंना आठवलं. त्यांनी फोन लावला. तिथला मदतनीस म्हातारा होता आणि त्याला कमी ऐकू यायचं.

"बाई, माझ्या पडद्यावर तर सगळं पांढरं झालंय! तुम्हीच परवा काढून गेलात ना!"

"पडदा सोडा, दादा! कपाट उघडा! डोळ्यांनी बघा!"

"काय बघू?"

"ओ निगेटिव्ह!"

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. चपला फरफटत गेल्या. कपाटाचं दार उघडल्याचा तो ओळखीचा चिकट आवाज आला. मग काहीच नाही. लॅबताई तपासणी संपवून पहिली पिशवी नर्सच्या हाती देत होती; तीही थांबली.

"आहे," म्हातारा म्हणाला. "एकच आहे. देऊ?"

रुग्णालयाच्या ड्रायव्हरला सगळे गमतीने कासव म्हणत, कारण तो अशी भरधाव हाकायचा की त्याच्या गाडीत एकदा बसलेला माणूस पुन्हा बसायला कचरत असे. तो शीतपेटी घेऊन गेला तो धुरळा उडवतच. तो परत येईपर्यंत दोघी वऱ्हांड्यात उभ्या होत्या. बाळंतिणीची सासू बाकावर बसून पदराचं टोक पिळत होती. लॅबताईने तिला पाणी आणून दिलं. तिने ते हातात धरून ठेवलं, प्यायली नाही.

गाडी आली. पिशवी आत गेली. नंतर शहरातूनही एक आली. मधल्या वेळात वॉर्डातून एकदाच कुणीतरी बाहेर आलं, ते रिकामं भांडं घेऊन.

दुपार कलली तेव्हा नर्स आली. बाईंना तिचा चेहरा आधी दिसला. "आई ठीक आहे," ती म्हणाली. "रक्त थांबलं. शुद्धीवर आहे." मग सासूच्या शेजारी बसून तिने हळू आवाजात पुढचं सांगितलं. बाळ राहिलं नव्हतं. ते आधीच गेलेलं होतं. सासूने मान हलवली. हातातलं पाणी तिने तेव्हा घोटाघोटाने पिऊन टाकलं आणि ती उठून सुनेकडे गेली.

वारा पडला होता. खोलीत परत आल्यावर पाहिलं, तर फिरणारा गोल जाऊन पडद्यावर सगळी सेंटरं आली होती, स्वच्छ, मोठ्या अक्षरांत. लॅबताईने आजच्या पिशव्यांची नोंद केली. पटकन झाली.

"सोपं आहे हो हे," ती म्हणाली आणि लगेच ओशाळली. "म्हणजे, लाइन असली तर."

"सोपं आहेच," बाई म्हणाल्या. "चांगलं केलंय."

त्यांनी लॅपटॉपवरची प्रत निवडली. लॅबताईने त्यांचा हात धरला.

"ती माझ्याकडे ठेवा ना. आज तिच्यामुळेच झालं."

"आज झालं. उद्या तीच खोटं बोलेल. नसलेली पिशवी आहे म्हणून सांगेल, आणि तू धावशील."

"मग वारा सुटला की मी काय करू?"

"आज केलंस तेच. कपाट उघड. फोन कर. समोरच्याला म्हण, डोळ्यांनी बघा. आणि साहेबाला मी लिहिणार आहे, इथे दुसरी लाइन द्या म्हणून. देईल की नाही, माहीत नाही. ऐकून घेईल."

"आणि जुळवणी?"

बाईंनी बटण दाबलं. इतक्या सेंटरांची, इतक्या वर्षांची माहिती पुसायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. लॅबताईने लॅपटॉपची वायर गुंडाळून दिली. मग एकदम वाकून तिने बाईंना नमस्कार केला.

"अगं, उठ! मी काय म्हातारी झालेय का?"

"नाही," लॅबताई म्हणाली. डोळे पुसत होती. "जाळंजळमट लागलंय तुमच्या पाठीला." आणि तिने बाईंच्या पाठीवरून हात फिरवला. पाठीला काहीच नव्हतं.

शहराकडची शेवटची एसटी निघून गेली होती. कासव शीतपेट्या परत द्यायला शहरात जाणारच होता. त्याच्याच गाडीत बाई पुढे बसल्या. मागे सामान भरलेलं होतं, म्हणून धरणाकडची पेटी त्यांना मांडीवर घ्यावी लागली.

"उद्या कुठल्या सेंटरला, बाई?" त्याने वळण घेत विचारलं.

उत्तर द्यायच्या आत फोन वाजला. नवरा होता. "अगं, मागच्या मोरीचा नळ पुन्हा गळायला लागलाय. माणूस बोलावू का?"

"नको. उद्या मी बघते."

"उद्या? सुट्टी आहे?"

"हो," बाई म्हणाल्या. "आल्यावर सांगते."

ड्रायव्हरने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा प्रश्न विचारला नाही. उतार सुरू झाला. रिकाम्या पेटीचं झाकण अजून गार होतं. बाईंनी दोन्ही हातांनी ती कवेत घेतली, त्यावर गाल टेकला, आणि पहिल्या वळणापर्यंतच त्यांना झोप लागली.