साडूचं छप्पर

साडूच्या घरावर नवं छप्पर चढलं आणि मास्तरांचं पित्त खवळलं. दोघे एकाच कारखान्यात कपडे बेतायचे, एकाच दिवशी निवृत्त झाले, पेन्शनही सारखीच. मग या गड्याकडे एवढा पैसा आला कुठून?

पाऊस लागला तसे मास्तर खिडकीला चिकटून समोरच्या साडूच्या घराकडे बघत बसले. तिथल्या पन्हळीतून पाणी कसं शहाण्यासारखं खाली उतरत होतं.

"तुझ्या बहिणीच्या नवऱ्यानं दरोडा घातला की काय?"

"अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते," बायको म्हणाली.

"तो ठेवणार बाजूला? जन्मभर माझ्या खिशातून चहा प्यायला तो."

एवढ्यात त्यांच्या टकलावर थेंब पडला. मग दुसरा. मास्तरांनी वर पाहिलं, तर छताला चांगलीच ओल आली होती.

बायकोनं बादली आणून ठेवली. "त्यानं नव्हे, मी ठेवले होते. दर महिन्याला, तुमच्याच पेन्शनमधून. मागच्या वर्षी म्हटलं, एकदा छप्पर बघून घेऊ. तुम्ही म्हणालात, आपलं छप्पर मला पुरून उरेल. वर ताईसमोर मला वेड्यात काढलंत. मग तिनं मागितले तेव्हा देऊन टाकले. फेडतील हप्त्याहप्त्यानं."

मास्तरांनी खुर्ची कोरड्या जागी सरकवली आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहिलं. छप्पर त्यांच्याच पैशांचं होतं, तरी आतली जळजळ काही कमी होईना. उलट ते आता जास्तच देखणं दिसत होतं.