ताईला आवाज जाईना

ताईने पंचावन्नाव्या वर्षी लग्न केलं आणि ती दुसऱ्या गावी राहायला गेली. मागे राहिला धाकटा भाऊ, वय वर्षं एक्कावन्न. घरात त्याला छोटू म्हणत. पुढे दारातून वाकून शिरावं लागेल एवढा उंच झाला, तरी ते नाव काही सुटलं नाही. आईवडील गेल्यावर तीन खोल्यांत ही दोघंच होती. तिची ग्रंथालयातली नोकरी, त्याचं कवळ्या बनवायच्या लॅबमधलं काम, आणि संध्याकाळचा स्वयंपाक अर्धा-अर्धा. तिने लग्नाचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, "चांगलंच झालं की." ते अगदी मनापासून होतं. आता आपलं काय, हे त्याच्या डोक्यात आलं तोवर तिच्या बॅगा भरून झाल्या होत्या.

जाताना ती आपला जुना लॅपटॉप ठेवून गेली. "दर रविवारी यावरनं बोलू. तुझ्या फोनात तुझं तोंडच दिसत नाही." ते खरंच होतं. लॅबमधली प्लास्टरची भुकटी फोनच्या कॅमेऱ्यात शिरून बसली होती. त्यात तो कायम धुक्यात उभा असल्यासारखा दिसे.

पण लॅपटॉप म्हणजे नुसता आळशी गडी. तो सुरू होईपर्यंत केलेला चहा गार व्हायचा. लॅबमधले कॉम्प्युटर बघायला एक बाई येत. त्यांनी छोटूला एक पेनड्राइव्ह दिला.

"यात लिनक्स आहे, विंडोजच्या जागी बसवायचं. जुन्या मशीनवर पळतं. फक्त आधीचं सगळं पुसलं जाईल. आणि एखादा भाग चालेनासा झाला तर त्याचा ड्रायव्हर शोधावा लागेल."

"ड्रायव्हर म्हणजे?"

"मशीनला त्या भागाशी बोलायला लागणारा प्रोग्रॅम. तो नसला की भाग असून नसल्यासारखा."

पुढच्या आठवड्यात बाईंनी दुसरीकडे काम धरलं. अडलं तर विचारायला कुणीच उरलं नाही.

शनिवारी दुपारी त्याने लिनक्स बसवलं. तासाभरात पडदा लख्ख उजळला. सगळं भराभर उघडत होतं, पण वायफायची खूणच कुठे दिसेना. सेटिंग पालथं घातलं तेव्हा कळलं, वायफायचा ड्रायव्हरच नाही. तो आणायचा तर इंटरनेट हवं, आणि इंटरनेटसाठी वायफाय हवं.

"ताई, हे बघ गं जरा," तो म्हणाला.

तोंडून शब्द निघून गेल्यावर तो तसाच बसून राहिला. स्वयंपाकघरात फ्रिज घरघरत होता.

मग त्याने फोनवरून लिनक्सवाल्यांच्या एका फोरमवर प्रश्न टाकला, इंग्रजी शब्द जुळवून जुळवून. 'जुनी बॅटरी' असं टोपणनाव घेतलेल्या कुणीतरी उत्तर दिलं. फोन वायरने लॅपटॉपला जोडा, फोनचं इंटरनेट त्याला द्या, ड्रायव्हर उतरवा, मशीन बंद करून पुन्हा चालू करा. छोटूने तसं केलं. ड्रायव्हर बसताना एक नवा पासवर्ड ठरवायला सांगितलं, तोही त्याने ठरवला. मशीन पुन्हा चालू होताना मात्र अचानक निळा पडदा आला, त्यावर चार ओळी. त्याने घाईघाईने पहिली ओळ निवडली. मशीन सुरू झालं, वायफाय नव्हतंच.

तीन संध्याकाळी त्याने तोच ड्रायव्हर काढला आणि घातला. शेवटी हात टेकले आणि घडलेलं सगळं लिहून कळवलं.

जुन्या बॅटरीने लिहिलं, "निळ्या पडद्यावरची पहिली ओळ नाही, दुसरी. तिथे तुमचा पासवर्ड द्यायचा. ड्रायव्हर तुम्हीच बसवलात ना, याची मशीन खात्री करून घेतं."

एवढंसं होतं. छोटूला लाज वाटली आणि हायसंही वाटलं. या वेळी मशीन चालू झाल्यावर वायफायची भलीमोठी यादी उघडली. आसपासच्या घरांनी आपापल्या वायफायला दिलेली नावं. वीस वर्षं तो इथे राहत होता, पण कुठलं नाव कुठल्या दारामागचं, हे त्याला एकाचंही सांगता आलं नसतं. यादीच्या टोकाला त्यांचं स्वतःचं होतं. नाव ताईने ठेवलेलं, 'दोघांचं'.

रविवारी सकाळी त्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि कॉल लावला. ताई दिसली. केस आखूड कापले होते.

"छोटू! अरे दिसतोयस की स्वच्छ. बोल ना."

तो बोलला.

"आवाज येत नाही रे. नुसते ओठ हलतायत."

त्याने बटणं दाबून पाहिली, जोरात बोलून पाहिलं. शेवटी लॅबच्या ऑर्डरच्या कागदामागे 'मला ऐकू येतंय' असं लिहून कॅमेऱ्यापुढे धरलं. ताई खळखळून हसली.

"म्हणजे आज मला मध्येच तोडायला कुणी नाही."

मग ती अर्धा तास बोलली. तिकडचं घर, भावोजींची बाग, शेजारीण, गुडघा. छोटू माना डोलावत राहिला. केस कधी कापलेस, हे त्याने लिहायला घेतलं, पण कागद वर धरेपर्यंत ती गुडघ्यावर पोचली होती. त्याने कागद उलटा ठेवला.

त्या आठवड्यात लॅबमधून आला की तो मायक्रोफोनच्या मागे लागे. आपलाच आवाज रेकॉर्ड करायचा आणि ऐकायचा. दर वेळी नुसती खरखर. जुन्या बॅटरीने टर्मिनल उघडायला सांगितलं. ती एक काळी खिडकी, तिच्यात हुकूम टाइप करायचे. सांगितलेला शब्द त्याने टाइप केल्यावर आवाजाचे उभे पट्टे दिसले. मायक्रोफोनचा पट्टा तळाला, शून्यावर होता. बाण दाबून दाबून त्याने तो वर चढवला आणि पुन्हा रेकॉर्ड केलं.

"एक, दोन, तीन. ताई, ऐकू येतंय का?"

खोलीत माणसाचा आवाज उमटला. तो दचकलाच. कितीतरी दिवसांत या घरात कुणी एवढं मोठ्याने बोललं नव्हतं. आवाज त्याच्या कल्पनेपेक्षा म्हातारा होता, थकलेला. त्याने तो दोनदा ऐकला आणि पुसून टाकला.

फोरमवर त्याने जुन्या बॅटरीचे भरभरून आभार मानले. तुम्ही कुठे असता, काय काम करता, असंही विचारलं. उत्तर आलं, "प्रश्न सुटला असेल तर 'सुटला' अशी खूण करा." त्याने खूण केली.

पुढच्या रविवारी ताईने पहिल्या शब्दालाच टाळी वाजवली. "अगदी शेजारी बसून बोलतोयस असं वाटतं."

त्याने निळ्या पडद्याची आणि पट्ट्यांची हकिकत सांगितली. केस कधी कापले तेही विचारून घेतलं. चार मिनिटांत सगळं संपलं.

"आणि काय?" ताई म्हणाली.

"बाकी ठीक." मग तो म्हणाला, "ताई, घरात बोलायला कुणी नाही गं."

"ठाऊक आहे रे. मी पण इथे पहिले पहिले स्वयंपाकघरात तुला हाका मारायचे. हे विचारायचे, कुणाशी बोलतेस म्हणून." तिने चष्मा पुसला. "ये ना चार दिवस."

"येतो."

तेवढ्यात तिकडची बेल वाजली. "थांब हं, आलेच," म्हणत ती उठली. पडद्यावर रिकामी खुर्ची राहिली. मागून भावोजींचा आवाज आला, पिशव्या ठेवल्याचा आवाज, मग दोघांचं हसणं. छोटूने कॉल बंद केला नाही. दहाएक मिनिटं तो खुर्चीकडे बघत बसला. खुर्चीच्या पाठीवर ताईची जुनी शाल होती.

ती परत आली. "अरे, तू अजून आहेस?"

"आहे."

"मी बोलत बसले बघ तिकडे. ठेवू आता? पुढच्या रविवारी बोलू."

"ठेव," तो म्हणाला.

सोमवारी त्याने लॅबच्या मालकीणबाईंकडे चार दिवसांची रजा मागितली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मागत होता. त्यांनी मान वर करून पाहिलं.

"कुठे बाहेर?"

"बहिणीकडे."

"पुढच्या महिन्यात घेतलीत तर? आत्ता साचे केवढे साठलेत बघताय ना."

"बरं," छोटू म्हणाला, आणि आपल्या टेबलाशी जाऊन त्याने मेण तापवायला ठेवलं.