विनोदची रुंद चाकं

कोणी विश्वास ठेवणार नाही, पण आमच्या सातपाटीच्या विनोदची गाडी वाऱ्याला मागे टाकायची. बोईसरच्या टायरवाल्याकडे अक्षय आपल्या शर्यतीच्या गाडीला टायर निवडत होता, त्याला मी हेच सांगत होतो.

“किती रुंद घेऊ, काका?”

“मिळतील तेवढे. रुंद बोट कलंडत नाय, मग गाडी कशी कलंडेल? विनोदने तेच केलं. गाडी जॅकवर चढवली, चाक हाताने फिरवून पाहिलं. कुठेच घासलं नाय. ट्रॅकवर असा सुटला की शर्यत जिंकून थेट परदेशात गेला. अजून तिकडेच शर्यती मारतोय.”

अक्षयने सगळ्यात रुंद टायरवर हात ठेवला.

विनोदची बायको स्वाती स्कूटरचं पंक्चर काढायला आली होती. ती माझ्या पाठीमागे कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही.

“जॅकवर चाक खाली लोंबतं, म्हणून घासलं नाय,” ती अक्षयला म्हणाली. “वळणावर वजन आलं, तेव्हा टायर मडगार्डला घासून फुटला.” मग माझ्याकडे वळली. “खोटं कशाला सांगता, मामा? ह्यांच्या तिरडीला पहिला खांदा तुमीच दिलात.”