वरची खोली

अजिनाथनं वीज केंद्राच्या राखेचा टँकर गल्लीच्या तोंडाशीच बंद केला आणि चावी वाजू नये म्हणून मुठीत आवळून तो घराकडे निघाला. दुपारी दीडला तो कधी घरी येत नसे. आज आला होता तो बायकोला रंगेहाथ धरायला. कोणासोबत धरायचं, याचे अंदाजही त्यानं परळीच्या अर्ध्या रस्त्यात बांधून ठेवले होते. मोबाईल दुरुस्तीवाला एक, दूधवाला दुसरा. दूधवाला पासष्टीचा होता, पण अजिनाथला त्या घडीला तेवढं सुचत नव्हतं.

आगीत तेल ओतलं होतं त्याच्या आईनं. कौशल्याबाईंनी परवा सुनेचं फोनवरचं बोलणं ऐकलं होतं. सुनिता बहिणीला सांगत होती, दुपारचं मी वरच्या खोलीत जाते, तिथं गेलं की जीव थंड होतो, घरात कोणाला ठाऊक न्हाई. आता त्यांच्या घराला वरची खोली नव्हती. दोन खोल्या, वर पत्रे आणि पत्र्यांवर राख.

कौशल्याबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. लेकाला पाहून त्यांनी मानेनंच आत दाखवलं.

सुनिता धान्याच्या कोठीला पाठ टेकून मोबाईलमध्ये डोकं घालून बसली होती. एकटीच. अजिनाथनं कोठीमागं पाहिलं, न्हाणीत डोकावला, खाटेखाली वाकला.

"काय हरवलंय?" तिनं विचारलं.

"वरची खोली कुठं हाय?"

सुनिताचा चेहरा उतरला. म्हणजे खोली होती तर.

"दाव मला. आत्ताच्या आत्ता. न्हाई तर हा मोबाईल फोडतो आन तुला माहेरी शिरूरला नेऊन घालतो. परत आणायला यायचो न्हाई मी."

तो बोललं ते करणारा माणूस होता, आणि हे तिला अकरा वर्षांत चांगलं ठाऊक झालं होतं. तिनं मोबाईल पुढं केला. पडद्यावर डोंगराच्या कड्यावर एक काळ्या दगडाचा किल्ला होता आणि त्याच्या दारात पाठमोरी एक बाई, कमरेला तलवार लावून उभी.

"गेम हाय," सुनिता म्हणाली. "भाच्यानं टाकून दिलाय. खाली राक्षस असत्यात, ते मारायचे. मी न्हाई मारत. मी कडंकडंनं निघून जाते."

"आन काय करतीस?"

"इमारत बघते."

अजिनाथ हसला, पण ते हसू बरं नव्हतं. अशा गेममध्ये बाप्येही येतात, बायांशी गोड गोड बोलतात, हे त्यानं ढाब्यावर ऐकलं होतं. तिनं काही पुसून टाकू नये म्हणून मोबाईल त्यानं स्वतःच्याच हातात ठेवला.

"चल, ने तिथं."

ती बोटानं दाखवत गेली, तो अंगठा दाबत गेला. स्टेअरिंगला सरावलेला तो अंगठा. पडद्यावरची बाई दोनदा भिंतीवर आदळली, एकदा हौदात पडली. मग पायऱ्या आल्या.

"दमानं. पायरी बघा मधी कशी झिजलीय. तिथून कोण चाललंय सांगा? कोणीच न्हाई. तरी करणाऱ्यानं झिजवून ठिवलीय."

"पुढं बोल."

"ही भिंत बघा. सांध्यावर सांधा येऊ दिला न्हाई कुठंच. माझे आबा पाथरवट, दगड घडायचे तवा म्हणायचे, सांधे एका रेषेत आले की भिंत उभी चिरती. आन ते पन्हाळ कसं लांब काढलंय, पाणी भिंतीला न लागता पडावं म्हणून. दिव्याचा कोनाडा बी हाताच्या उंचीला हाय. आपल्याकडं शाळा बांधली तर एवढा इचार केला का कोणी?"

अजिनाथ ती कुठं अडखळते याची वाट पाहत होता. ती अडखळत नव्हती. तिला इतकं सलग बोलताना त्यानं कधी ऐकलं नव्हतं, आणि तो आणखीनच घाबरला. एवढी खुलली म्हणजे नक्कीच वर कोणी तरी असणार.

अरुंद जिना, एक वळण, मग लहानसं लाकडी दार. बाई आत गेली. खोलीत एक दगडी बैठक, समोर खिडकी, खिडकीत दरी. बाकी काही नाही. अजिनाथनं बाईला चारही कोपऱ्यांत फिरवलं, दारामागं नेलं.

"येतो कवा तो?"

"कोण?"

"कोण येतं इथं? खरं सांग."

"कोणीच येत न्हाई. दाराला आतून कडी हाय. लावली की राक्षसाला बी येता येत न्हाई."

"मग करतीस काय?"

"बसते."

खिडकीबाहेर ढग सरकत होते. अजिनाथनं ते बघितले. टँकरपासून इथपर्यंत मुठी वळत आणलेले हात आता मोबाईल धरून नुसते बसले होते. सुटलो, असं त्याला वाटायला हवं होतं.

"रोज येतीस?"

"रोज."

"मी घरी असतो तवा बी?"

सुनितानं पहिल्यांदाच पडद्यावरची नजर काढून त्याच्याकडं पाहिलं. खोटं बोलावं का, असं क्षणभर तिच्या मनात आलेलं त्याला दिसलं. मग तिनं तो विचार सोडून दिलेलाही दिसला.

"तवा जास्ती वेळ बसते," ती म्हणाली.

ओट्यावर सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला. कौशल्याबाईंनी आत हाक घातली, "घावला का रं कोणी?"

कोणी तरी घावला असता तर बरं झालं असतं. दूधवाला घावला असता तरी चाललं असतं; त्याची मानगूट धरता आली असती.

"न्हाई," अजिनाथ म्हणाला. पडद्यावरच्या त्या रिकाम्या खोलीकडं बघत त्यानं पुन्हा सांगितलं, "कोणीच न्हाई, आई."